कळ कुणाच्या हातात?

भाऊबीजेची ओवाळणी झाली, फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या आणि भाचीनं मामांसमोर मोबाइल धरला. पडद्यावर मामांच्याच शेताचा सातबारा होता. आदल्या रात्री पुण्यात घरी बसून, 15 रुपये भरून तिनं तो उतरवून घेतला होता. खाली डिजिटल सही, पडताळणीचा क्रमांक, सगळं जिथल्या तिथं. मामांनी चष्मा चढवला, वरपासून वाचत आले आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथे गावच्या विकास सोसायटीचा 12,000 रुपयांचा बोजा दिसत होता.

हे कर्ज मामांच्या वडिलांनी 1991 साली फेडलेलं आहे.

मामा उठले. लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यातून त्यांनी प्लास्टिकची जुनी पिशवी काढली आणि तिच्यातला हस्तलिखित सातबारा पलंगावर पसरला. निळी शाई, घड्यांवर विरलेला कागद. बोजा तिथेही होता, पण त्याच्याभोवती कंस होता आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. महसुलात हयात घालवलेल्या माणसाला त्या कंसाचा अर्थ सांगावा लागत नाही. कंस पडला की नोंद संपली. कागदावरून संगणकात माहिती भरताना त्या दोन वाकड्या रेघा कुणाच्या तरी नजरेतून सुटल्या आणि फिटलेलं कर्ज पुन्हा अंगावर आलं.

मामा 1984 साली तलाठी म्हणून लागले आणि 2018 साली मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. भाची हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. कारखान्याची खरेदी, गोदामातला साठा, हिशेब, पगार हे सगळं एका संगणकीय प्रणालीत आणून बसवणं हे तिचं काम. कचेरीत नवी प्रणाली येते तेव्हा माणसांचं काय होतं, हे दोघांनीही जवळून पाहिलंय, फक्त टेबलाच्या दोन बाजूंनी. त्या दुपारी त्यांच्यात जे बोलणं झालं ते घरगुती होतं, पण महाराष्ट्रातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांना लागू पडणारं होतं.

“चूक संगणकाची नाही, मामा. भरणाऱ्याची आहे,” भाची म्हणाली.

“भरणाऱ्याची कशी? त्या पोराला पानामागं पैसे मिळायचे. कंस म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं होतं? ज्याला कंस कळत होता त्याला कुणी विचारलं नाही, आणि ज्याच्या हातात काम दिलं त्याला कंस कळत नव्हता.”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हे होऊ दिलं असतं का? खरं सांगा. तलाठ्याचं दप्तर लोकांच्या मोबाइलवर यावं असं कुठल्या तलाठ्याला वाटत होतं?”

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न खरा होता.

गावाचं महसुली दप्तर म्हणजे 21 नमुने. त्यातला सातवा नमुना जमिनीवर कुणाचा हक्क ते सांगतो, बारावा त्या जमिनीत काय पिकतंय ते सांगतो, आणि दोन्ही मिळून सातबारा होतो. सहावा नमुना फेरफारांचा, म्हणजे हक्कातल्या बदलांचा, आठ-अ खातेदाराचा. हे सगळं कापडात बांधून तलाठ्याच्या ताब्यात असायचं. उतारा हवा तर तलाठी गाठायचा. तो तालुक्याला गेलेला असला तर दुसऱ्या दिवशी यायचं, दौऱ्यावर असला तर तिसऱ्या. त्या खेपांमध्ये काय काय घडायचं हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

पण दप्तराची ताकद उताऱ्याच्या दहा-वीस रुपयांपुरती कधीच नव्हती. 1948 च्या कूळ कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ मालक मानलं जाणार होतं. कोण कसतंय याचा पहिला लेखी आधार कुठला, तर पीकपाहणीतली नोंद. त्या रकान्यात नाव असलं तर जमीन, नसलं तर कचेरीच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या. कूळ कायद्याच्या वादात आजही ते जुने उतारे शोधून काढावे लागतात. एका रकान्यातल्या एका ओळीनं घराण्यांची नशिबं फिरली, आणि ती ओळ लिहिणारा हात गावात एकच होता.

“तो हात वाईट होता असं मी म्हणत नाही,” भाची म्हणाली. “पण एकच होता. हेच मला खटकतं.”

मग तिनं शिकत असताना वाचलेल्या एका लेखाची गोष्ट सांगितली. लिन मार्कस या अमेरिकन अभ्यासक बाईंचा हा लेख 1983 साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. रसायनं बनवणारी एक मोठी कंपनी. बाईंनी तिला ‘गोल्डन ट्रायँगल’ असं टोपणनाव दिलं होतं. कंपनीचे वेगवेगळे विभाग आणि प्रत्येक विभागाचे स्वतःचे हिशेबनीस. रोजचे व्यवहार ते आपल्याकडे ठेवायचे आणि मुख्य कचेरीला फक्त गोषवारा पाठवायचे. मुख्य कचेरीनं नवी आर्थिक माहिती प्रणाली आणली. आता प्रत्येक व्यवहार थेट एकाच माहितीसाठ्यात जाणार आणि तो साठा मुख्य कचेरीच्या हिशेबनिसांच्या ताब्यात राहणार. विभागांनी विरोध केला. प्रणाली सुरू झाल्यावरही ते आपल्या जुन्या वह्या लिहीतच राहिले.

“आता यातली मेख बघा,” भाची म्हणाली. “लोक संगणकाला घाबरतात, नवं शिकायला नको म्हणतात, असं आपण सहज बोलतो. पण मुख्य कचेरीतलेही हिशेबनीसच होते. शिक्षण तेच, धंदा तोच, प्रणाली तीच. त्यांना ती आवडली आणि विभागातल्यांना नाही. मग माणसाचा स्वभाव हे कारण कसं असेल? नुसती प्रणालीची खोट हे तरी कारण कसं असेल? माहिती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चालली होती. ज्याच्या हातातून गेली तो अडला, ज्याच्या हातात आली तो खूश झाला.”

“मग मी विभागातला हिशेबनीस, असंच ना?”

“हो.”

“असेन,” मामा म्हणाले. “पण त्या बाईंनी हेही लिहिलं असेल की विभागातल्या माणसाला माल माहीत होता. आकडा कुठून आला ते त्याला ठाऊक होतं. वरच्याला नुसता आकडा दिसतो.”

लेखात ते वाक्य असो वा नसो, मामांचा मुद्दा वजनदार आहे. कंस हा त्याचाच पुरावा.

दप्तर संगणकावर आणण्याचं पाऊल कर्नाटकानं आपल्याआधी टाकलं. 2001 च्या सुमारास तिथे ‘भूमी’ प्रकल्प उभा राहिला. 67 लाख शेतकऱ्यांच्या सुमारे 2 कोटी नोंदी, 177 तालुक्यांत खिडक्या आणि उताऱ्याला 15 रुपये. हाताचा उतारा रद्द झाला. फेरफाराचा अर्ज आला त्याच क्रमानं निकाली काढायचा, मधला उचलायचा नाही, आणि यंत्रापुढे बसणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशानं पटवायची. गावातल्या सुमारे 9,000 लेखापालांच्या हातातली दप्तरं तालुक्याच्या खिडकीत आली. जगभरातून अभ्यासक ते पाहायला येऊ लागले.

महाराष्ट्रात ई-फेरफार आला. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची वर्दी थेट महसुलाच्या प्रणालीत पोचू लागली. 2017 च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन झालं; संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि चुका टिपायच्या. 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

“चावडी वाचनात तुमचा बोजा कुणी कसा पकडला नाही?”

“ऐकायला कोण होतं? मे महिना. निम्मं गाव लग्नात, निम्मं मुंबईला. मी माझ्या मंडळातल्या गावांत वाचत फिरत होतो. माझ्या स्वतःच्या गावात माझा सातबारा वाचला गेला तेव्हा मी तिथे नव्हतो.”

आतापर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली भाचीची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, इथे बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“मीही नव्हते, दादा. हक्कसोडीच्या फेरफाराच्या वेळी.”

खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. 1998 साली वडील गेले. वारस म्हणून आई, मुलगा आणि मुलगी अशी तीन नावं लागली. पाच वर्षांनी बहिणीला तालुक्याला बोलावलं, तिनं हक्कसोडपत्रावर सही केली, संध्याकाळच्या गाडीनं सासरी परतली. त्यानंतर फेरफार कधी धरला, नोटीस कुठे लागली, मंजुरी कधी झाली, यातलं तिला काहीच कळलं नाही.

“तू सांगितलंस, मी सही केली. विश्वास होता, आजही आहे. मी आजही सहीच केली असती. पण त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.”

मामा मान खाली घालून हातातल्या सातबाऱ्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “नोटीस चावडीवर लागली होती. कायद्यात होतं ते सगळं केलं होतं.”

“चावडी आमच्या गावापासून 60 किलोमीटरवर होती,” बहीण म्हणाली.

फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस द्यायची, प्रत चावडीवर लावायची, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं आणि मग मंजुरी, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 ची रीत. रीत न्याय्य आहे, पण ती गावात राहणाऱ्या माणसाला नजरेसमोर ठेवून बेतलेली आहे. सासरी गेलेली मुलगी, लालबागच्या चाळीत राहणारा धाकटा भाऊ, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब यांच्यासाठी चावडीची भिंत असून नसल्यासारखी. आज ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर हरकतीच्या मुदतीतले फेरफार गावाचं नाव टाकून कुणालाही बघता येतात. माहेरच्या गटावर काय चाललंय ते मुलगी आपल्या घरातून पाहू शकते. लक्ष्मी मुक्तीच्या चळवळीनं आणि 1992 च्या शासन निर्णयानं सातबाऱ्यावर बायकोचं नाव आणण्याची वाट काढली होती. त्यानंतर बाईमाणसाच्या बाजूनं महसुली दप्तरात झालेला हा मोठा बदल आहे, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. त्याचा डांगोरा फारसा कुणी पिटला नाही. पिटायला हवा.

भाचीला हेच म्हणायचं होतं. “मी प्रणालीची बाजू घेते ती एवढ्यासाठी. आईला तेव्हा हे दिसलं असतं.”

“दिसलं असतं,” मामांनी मान्य केलं. “पण तिला दिसतं तसं दलालालाही दिसतं, पोरी. कुठल्या गटावर विधवेचं एकटीचं नाव आहे, कुठल्या खात्यावर सहा भाऊ आणि भांडण आहे, हे पूर्वी दलालाला तलाठ्याच्या मागे फिरून काढावं लागायचं. आता तो गाडीत बसून शंभर गट चाळतो.”

मामांची ही भीती हवेतली नाही. ‘भूमी’चं कौतुक शिगेला असताना, 2007 साली, सोलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या आसपासच्या भागाचा अभ्यास मांडला. त्यांना जे आढळलं ते सरकारी प्रसिद्धीच्या उलट होतं. लाच कमी होण्याऐवजी वाढली, व्यवहारांना वेळही जास्त लागू लागला, आणि जमिनीच्या बाजारातल्या बड्या धेंडांना जमिनी गोळा करणं सोपं झालं. नोंद सगळ्यांसाठी सारखीच उघडी झाली होती, पण तिचा वापर करण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नव्हती.

भाचीला हा अभ्यास माहीत होता. तिनं तो नाकारला नाही. “पण म्हणून कापडात बांधून ठेवायचं का?” एवढंच ती म्हणाली. त्यावर मामांकडे उत्तर नव्हतं.

ते दुसरीकडे वळले. “तू म्हणतेस ताकद आमच्या हातातून गेली. कुठे गेली ते बघ. मी मंडळ अधिकारी असताना गळ्यात डोंगल घालून फिरायचो. माझी सही त्या डोंगलमध्ये. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, गोल चक्र फिरत राहायचं. मग रात्री दोनचा गजर लावून उठायचो, तेव्हा रेंज मिळायची, आणि नोंदी प्रमाणित करायचो. लॅपटॉप माझ्या पैशाचा, नेट माझ्या पैशाचं. सकाळी दारात शेतकरी उभा, साहेब माझी नोंद का अडवली? त्याला काय सांगू, चक्र फिरतंय? त्याला वाटायचं मी पैशासाठी अडवतोय. ज्यानं ती प्रणाली बनवली तो त्याला कधी दिसलाच नाही. दिसत होतो मी.”

डोंगलला त्या काळात किती वजन आलं होतं, हे 2021 च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. तलाठ्यांचं आंदोलन झालं तेव्हा त्यांना मोर्च्याची गरज पडली नाही. अनेक तालुक्यांत त्यांनी आपापले डिजिटल सहीचे डोंगल तहसीलदारांकडे जमा केले, आणि फेरफार थांबले. पूर्वी संपात दप्तर बंद व्हायचं. आता अंगठ्याएवढी वस्तू टेबलावर ठेवली की तेवढंच काम होतं.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली होती. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ ही तिची घोषणा. ज्या बाराव्या नमुन्यानं 1957 साली जमिनी दिल्या आणि घेतल्या, त्यातली पिकाची नोंद पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. भाचीच्या मते हा तर सत्तेचा सरळ सरळ कायापालट.

“कागदावर,” मामा म्हणाले. “आमच्या आळीत जा. शेतात उभं राहून फोटो काढायचा, तो चढवायचा. निम्म्या घरांत म्हातारी माणसं. मग गावातला एक पोरगा सगळ्यांच्या नोंदी करतो. कुणाची आधी, कुणाची नंतर, कुणाची राहिली, ते तोच ठरवतो. तो काही वाईट पोरगा नाही. पण त्याला कुणी नेमलेलं नाही, आणि त्याच्याविरुद्ध अपील कुठे करायचं तेही कुणाला माहीत नाही.”

राहिलेल्या नोंदीची किंमत 2024 मध्ये कळली. 2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत, असं अर्थसाहाय्य सरकारनं जाहीर केलं आणि त्याला ई-पीक पाहणीच्या नोंदीची अट घातली. पीक शेतात उभं होतं, विकलंही गेलं होतं, पण अ‍ॅपमध्ये नव्हतं, असे शेतकरी यादीबाहेर राहिले. ओरड झाली तेव्हा अट शिथिल करावी लागली.

मामी इतका वेळ शेव-चिवड्याचे डबे भरत होत्या. त्या अंगणवाडी सेविका. “आमचा मोबाइल विसरलात का?” त्यांनी विचारलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. मामीही त्यात होत्या. फोन तापायचा, अडकायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीत. “आम्ही काही मोबाइलला घाबरत नव्हतो. घरी नातवाशी रोज बोलते मी त्याच्यावर. पण 11 रजिस्टरं मी मराठीत लिहीत होते आणि एकाएकी माझ्या अंगणवाडीची पोरं इंग्रजीत गेली. रजिस्टरात कडेला मी लिहायचे, याची आई कारखान्यावर गेली, आजीपाशी आहे. वजन का उतरलं ते त्या एका ओळीत असायचं.”

भाचीनं मामींकडे पाहिलं. आपल्या कामातली एक गोष्ट तिला आठवली असावी, कारण ती काहीशी हळू बोलू लागली. एका कारखान्यात तिच्या चमूनं गोदामाची प्रणाली बसवली. पंचवीस वर्षं तिथे असलेला भांडारप्रमुख कागदाच्या चिटोऱ्यांवर काहीबाही लिहून ठेवायचा. चमूनं ती चिटोरी बंद करायला लावली. दोन महिन्यांत उत्पादन तीनदा अडलं. कुठल्या पुरवठादाराचा माल आठवडाभर उशिराच येतो, कुठल्या पेटीतले नट मापात बसत नाहीत, हे सगळं त्या चिटोऱ्यांवर होतं. “आम्ही त्याला विरोधक समजत होतो. आमच्या अहवालात तसं लिहिलंसुद्धा होतं. त्याला बैठकीला बोलावलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

हे कबूल करायला मोठं मन लागतं. प्रणाली बसवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालांत ‘बदलाला विरोध’ हे शब्द इतक्या सहज येतात की विरोध करणारा नेमकं काय सांगतोय, हे ऐकायचं राहूनच जातं. मामांच्या पिढीतल्या तलाठ्यांचा विरोध निम्मा आपलं आसन वाचवण्यासाठी होता, हे खरं. उरलेला निम्मा कंस वाचवण्यासाठी होता. दोन्ही एकाच तोंडातून बाहेर पडत होते, म्हणून दुसराही पहिल्यासारखाच ऐकला गेला.

“आणि यंत्रच चुकलं तर?” मामांनी विचारलं.

भाचीनं ब्रिटनच्या पोस्टाची हकिकत सांगितली. 1999 पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली. ती फुजित्सू या कंपनीची. शाखा चालवणारे उपपोस्टमास्तर हे करारावर काम करणारे साधे दुकानदार, त्यांत भारतीय वंशाचेही बरेच. संध्याकाळी हिशेब जुळवताना पडद्यावर तूट दिसायची. कधी शेकड्यांत, कधी हजारो पौंडांची. करारानुसार ती उपपोस्टमास्तरानं भरायची. मदतीला फोन केला की अशी अडचण दुसऱ्या कुणालाच येत नाही, असं उत्तर अनेकांना मिळालं. लोकांनी घरं गहाण टाकली. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा या बाईंना 2010 साली तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या.

दोष प्रणालीत होता. ॲलन बेट्स या उपपोस्टमास्तरांच्या पुढाकारानं 555 जण कोर्टात गेले आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. शेवटी 2024 साली संसदेला कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. एवढी वर्षं का लागली? एक कारण कायद्यात होतं. संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, अशी अट इंग्लंडमध्ये पूर्वी होती. 1999 च्या कायद्यानं ती काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं, आणि तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. ज्या दुकानदाराला त्या प्रणालीच्या पोटात डोकावण्याची मुभाच नव्हती, त्यानं ते सिद्ध कसं करायचं?

मामा ताठ बसले. “कलम 157,” ते म्हणाले.

महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायद्यानं नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. हे गृहीतक हस्तलिखित काळापासून आहे आणि त्याला कारणही होतं: नोंद प्रमाणित करणारा माणूस गावात येत होता, लोकांना विचारत होता. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण बँकेच्या खिडकीवर न्यायालयाचे निकाल कुणी वाचत नाही. तिथे बोजा दिसला की कर्ज अडतं, आणि तो नाही हे सिद्ध करायचं काम शेतकऱ्याचं.

“म्हणजे बघायला 15 रुपये आणि एक मिनिट,” भाची म्हणाली. “आणि दुरुस्तीला?”

मामांनी बोटांवर मोजलं. तहसीलदारांकडे कलम 155 खाली अर्ज. जुन्या उताऱ्याची प्रत, फेरफाराची प्रत, सोसायटीचा बेबाकी दाखला. तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, आदेश. आदेशावरून नवा फेरफार, मग मंजुरी. “मी 34 वर्षं या खात्यात काढली म्हणून मला कुठला कागद कुठे मिळतो ते ठाऊक आहे. शेजारच्या घराला ते ठाऊक नाही.”

दोघांचं भांडण इथे मिटलं असं नाही, पण ते एका जागी येऊन थांबलं. नोंद बघण्याची ताकद लोकांपर्यंत पोचली, ही भाचीची बाजू खरी. नोंद दुरुस्त करण्याची ताकद जिथे होती तिथेच राहिली, किंबहुना आणखी दूर गेली, ही मामांची बाजूही खरी. पूर्वी तलाठ्याशी भांडता यायचं. तो चावडीत सापडायचा, त्याची बदली मागता यायची. आता तलाठी म्हणतो प्रणाली घेत नाही, तहसील म्हणते वरून दुरुस्त व्हायला हवं, आणि ‘वर’ कोण बसलंय ते अर्जदाराला कधीच दिसत नाही. म्हणून सरकारनं पुढचा पैसा नव्या अ‍ॅपवर घालण्याआधी दुरुस्तीच्या खिडकीवर घालावा. ज्या खिडकीत नोंद दिसते त्याच खिडकीत हरकत घेता यावी, हरकतीला क्रमांक मिळावा, मुदत असावी, आणि चूक भरणाऱ्याची असेल तर निस्तरण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसू नये. ही मागणी अवघड नाही. जी यंत्रणा डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या देते तिला हे जमण्यासारखं आहे.

2025 मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मयत खातेदारांची नावं उतरवून वारसांची नावं लावण्यासाठी. सगळं दप्तर संगणकावर आल्यानंतरही सातबाऱ्यांवर मेलेली माणसं नांदत होती, याची ती सरकारी कबुलीच होती आणि ती दिली हे चांगलं झालं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मामा अर्ज घेऊन तहसीलला गेले. सोबत बहीण होती. अर्ज लिहिण्याआधी त्यांनी तिला सगळे जुने उतारे, हक्कसोडीच्या फेरफारासकट, बसून वाचून दाखवले होते. बावीस वर्षांनी.

वाचकांना एक विनंती आहे. घरात जुने हस्तलिखित सातबारे, आठ-अ, फेरफाराच्या नकला असतील तर रद्दीत घालू नका. या आठवड्यात आपल्या गटाचा संगणकीय उतारा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा: नावं, क्षेत्र, इतर हक्क, आणि जिथे कंस होता तिथे आता काय आहे ते. हे करताना बहिणीला, मुंबईच्या भावाला, आईला बरोबर बसवा. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.